शेजारची जागा मोकळी

वादळानंतर चौथ्या दिवशी अण्णा वाडीत उतरले. तोवर ते पडवीत वाडीकडे पाठ करून बसत होते. हे घरातील सर्वांनी पाहिले होते आणि कोणीही त्याविषयी बोलले नव्हते. ३ जून २०२० रोजी निसर्ग चक्रीवादळाने अलिबागच्या दक्षिणेला किनारा ओलांडला, त्या दुपारी श्रीवर्धन तालुक्यातील आमच्या घराची निम्मी कौले गेली. परंतु घर वर्षभरात पुन्हा शाकारता येते, वाडीचे तसे नसते. नव्या पोफळीला सुपारी धरायला पाच-सात वर्षे लागतात, आणि अण्णांना त्या वर्षी एकोणऐंशीवे लागले होते. हा हिशेब त्यांनी उच्चारला नाही आणि आम्हीही केल्याचे दाखवले नाही.

चौथ्या दिवशी मात्र ते पानाच्या डब्यातील चुना घेऊन उठले आणि उभ्या राहिलेल्या प्रत्येक पोफळीच्या बुंध्यावर चुन्याचे एकेक बोट ओढत निघाले. मी वही घेऊन त्यांच्यामागे होते. चारशेच्या आसपास पोफळी असलेल्या त्या वाडीत बोटे उमटली ४७. विहिरीकडच्या ओळीत ८ झाडे होती, त्यांतील पहिली, चौथी आणि सातवी तेवढी उभी होती. दोन शेजारणी एकत्र अशा त्या ओळीत उरल्याच नव्हत्या. मी मुंबईच्या एका शाळेत गणित शिकवते, आणि नको त्या वेळी नको तिथे आकडे दिसणे ही आमच्या पेशाची खोड आहे. उभ्या झाडाला १ आणि पडलेल्या झाडाला ० असे लिहीत मी ती ओळ वहीत उतरवली, आणि उतरवून झाल्यावर माझ्या लक्षात आले की मी झाडांची नोंद केलेली नसून २७ ही संख्या लिहिलेली आहे.

ती कशी, हे सांगण्यासाठी थोडे मागे जावे लागेल. १, २, ३, ५, ८, १३, २१, ३४, ५५, ८९ अशी एक माळ आहे, जिच्यात प्रत्येक संख्या ही तिच्या आधीच्या दोघींची बेरीज असते. ही फिबोनाची संख्यांची माळ बहुतेकांनी ऐकलेली असते, पण ती ऐकलेली असते शंखांच्या आणि सूर्यफुलांच्या संदर्भात. अननसाच्या डोळ्यांच्या तिरक्या ओळी मोजल्या तर बहुधा ८ आणि १३ भरतात, हे खरे आहे आणि ते आपल्या परसातील अननसावर कोणीही पडताळून पाहू शकतो. परंतु नॉटिलसच्या शंखात सुवर्ण गुणोत्तर दडलेले असते, अमुक देवळाच्या कमानीत ते असते, तमुक चेहऱ्यात ते असते, ही जी फिरती चित्रे मोबाईलवर येतात, त्यांतील बरीचशी मोजपट्टी लावताच गळून पडतात. मला या माळेविषयी जे सांगायचे आहे त्याला शंखाची गरज नाही. विहिरीकडच्या ओळीतील झाडांना क्रमाने १, २, ३, ५, ८, १३, २१, ३४ अशी मोले द्यावीत. उभ्या झाडांची मोले मिळवली की १ अधिक ५ अधिक २१ म्हणजे २७ होतात. आणि उभ्या झाडांपैकी कोणतीही दोन शेजारी नसतील अशी अट असेल, तर ८ झाडांच्या ओळीतून २७ हा आकडा दुसऱ्या कोणत्याही प्रकारे उभा करता येत नाही. पहिली, चौथी, सातवी, बस्स.

प्रत्येक पूर्ण संख्या अशी लिहिता येते, आणि एकाच प्रकारे लिहिता येते, असा सिद्धान्त आहे. शंभर म्हणजे ८९, ८ आणि ३. अण्णांच्या ४७ पोफळी म्हणजे ३४ आणि १३. खुद्द २०२० हे वर्ष घेतले तर त्याचे १५९७, ३७७, ३४, ८, ३ आणि १ असे सहा तुकडे होतात. अट काढून टाकली, तर मात्र सगळा गोंधळ होतो: ८ म्हणजे ८ही, ५ आणि ३ही, आणि ५, २ आणि १ही. मग एका संख्येला तीन नावे होतात आणि कोणते नाव खरे, याला उत्तर उरत नाही.

वादळाबरोबर वीज गेली ती कित्येक आठवडे आली नाही. खांब शेतांतून आडवे झाले होते, मोबाईलला संकेत नव्हता, आणि आठवीत जाणारा माझा भाचा, ज्याला टाळेबंदीने आधीच शाळेपासून तोडलेले होते, तो आता पडद्यापासूनही तुटला होता. संध्याकाळी माजघरात कंदील लागला की त्याच्या तोंडावरचा कंटाळा बघवत नसे. मीही मार्चमध्ये आठ दिवसांसाठी म्हणून आलेली अडकून पडले होते. माळ्यावर गेल्या हंगामातील सोललेल्या सुपारीचे अर्धे पोते होते. त्यातील दोन ओंजळी मी खाली आणल्या आणि त्याला म्हटले, की आपण एक माळ तयार करू, पण ती मी सांगणार नाही, तूच करायची.

नियम मी असे घातले. आपल्याला प्रत्येक संख्या बनवायची आहे. हाताशी ज्या संख्या असतील त्यांतील कोणतीही एकदाच वापरायची, आणि माळेत शेजारी असलेल्या दोन संख्या एका बेरजेत कधीही घ्यायच्या नाहीत. जी संख्या हाताशी असलेल्यांतून बनणार नाही, ती माळेत नवी ओवायची. एवढेच.

त्याने कंदिलाजवळ सुपाऱ्यांचे ढीग मांडायला सुरुवात केली. १ तर घ्यावाच लागतो. २ हा १ दोनदा घेऊन होईल, पण दोनदा घेण्याला बंदी आहे, म्हणून २ नवा. ३ हा १ आणि २ यांतून झाला असता, पण ते शेजारी आहेत, म्हणून ३ नवा. ४ मात्र ३ आणि १ यांतून होतो, कारण मध्ये २ मोकळा आहे. ५ होत नाही, म्हणून तो नवा. ६ म्हणजे ५ आणि १, ७ म्हणजे ५ आणि २, आणि ८ साठी पुन्हा अडते. नववा, दहावा, अकरावा, बारावा ढीग त्याने भराभर लावला आणि १३ वर तो थबकला. मग त्याने माळेकडे पाहिले, आणि माझ्याकडे संशयाने पाहिले.

"आत्या, हे तर मागच्या दोघांची बेरीजच होतंय. तू आधी का नाही सांगितलंस?"

सांगितले असते तर ती माझी माळ झाली असती. हा जो उलटा प्रवास त्याने अर्ध्या तासात केला, तो गणिती डेव्हिड डेकिन यांनी १९६० मध्ये सिद्ध करून मांडलेला आहे: शेजारच्या दोन पदांना बंदी आणि प्रत्येक संख्येला नेमके एकच रूप, एवढ्या दोनच मागण्या केल्या, तर त्या पुऱ्या करणारी चढती माळ हीच एक आहे, दुसरी निघत नाही. शाळेत आम्ही ही माळ सशांच्या जोड्यांवरून शिकवतो, कारण पिसाच्या लिओनार्डोने, म्हणजे फिबोनाचीने, १२०२ सालच्या आपल्या ग्रंथात तिला सशांच्या कोड्यातून आणले होते. मला ते ससे कधीच पटले नाहीत. जे ससे मरत नाहीत आणि दर महिन्याला नेमकी एकच जोडी घालतात, त्यांच्याकडून मुलांनी गणित का शिकावे? शेजार टाळण्याच्या अटीतून हीच माळ आपोआप निघते, आणि ती निघताना मूल तिचा मालक होते.

दुसऱ्या संध्याकाळी त्याने मला अडवले. "एकाच प्रकारे होते कशावरून? आपल्याला दुसरी सापडली नसेल." हा प्रश्न वर्गात मला क्वचित ऐकायला मिळतो, म्हणून मी तो पुरवून खाल्ला. आधी बनवण्याची रीत पाहू. संख्येत मावेल तो माळेतील सर्वांत मोठा मणी काढून घ्यायचा, उरलेल्यातून पुन्हा मावेल तो मोठ्यात मोठा, असे शून्य होईपर्यंत करायचे. या हावरट रीतीत शेजार टाळण्यासाठी वेगळी काळजी घ्यावीच लागत नाही. समजा आपण ८ काढला. तो काढला, कारण १३ मावत नव्हता, म्हणजे संख्या १३ पेक्षा लहान होती. तेव्हा उरलेले ५ पेक्षा लहानच असणार, आणि मग ५ चा मणी घ्यायचा प्रश्नच येत नाही. हाव मोठ्याची धरल्यामुळे शेजारचे आपोआप सुटते, ही गोष्ट भाच्याला फार आवडली, आणि वहिनींना मुळीच आवडली नाही, कारण त्याच वेळी तो तिसऱ्या घावनासाठी हात पुढे करत होता.

आता एकमेवपणा. १ आणि ३ आणि ८ मिळवले तर १२ होतात, म्हणजे १३ ला एक कमी. २ आणि ५ मिळवले तर ७, म्हणजे ८ ला एक कमी. १, ३, ८ आणि २१ मिळवले तर ३३, पुन्हा ३४ ला एकच कमी. शेजार टाळून माळेतून कितीही मणी निवडा, निवडलेल्यांतील सर्वांत मोठ्या मण्याच्या पुढच्या मण्यापर्यंत तुमची बेरीज कधीच पोहोचत नाही. जास्तीत जास्त ती एकाच पावलावर येऊन थांबते. आता समजा, एकाच संख्येची दोन वेगवेगळी रूपे आहेत. दोन्हींत सामाईक असलेले मणी दोन्हींकडून काढून टाका. उरलेल्यांत ज्या बाजूचा सर्वांत मोठा मणी अधिक मोठा असेल, ती बाजू एकट्या त्या मण्याच्या बळावर पुढे गेली, कारण दुसऱ्या बाजूचे सगळे लहान मणी मिळूनही तेथवर पोहोचत नाहीत. बेरजा समान असणे शक्यच नाही, म्हणून वेगळे दुसरे रूपही शक्य नाही. हे त्याला एका दमात कळले नाही. त्याने दोन दिवस सुपाऱ्यांच्या साहाय्याने ते खोटे ठरवण्याचा प्रयत्न केला, आणि मला वाटते कळण्याची याहून चांगली रीत नाही.

हा सिद्धान्त ज्यांच्या नावाने ओळखला जातो, ते एदुआर झेकेंडॉर्फ हे पेशाने गणिती नव्हते. ते बेल्जियमच्या सैन्यात डॉक्टर होते. १९४० मध्ये जर्मनीने बेल्जियमवर आक्रमण केले तेव्हा ते पकडले गेले आणि १९४५ पर्यंत युद्धकैदी राहिले. त्या काळात त्यांनी बरोबरच्या कैद्यांवर उपचार केले. सिद्धान्ताची सिद्धता त्यांच्याकडे १९३९ पासून होती असे सांगितले जाते, परंतु त्यावरचा त्यांचा लेख लिएज येथील विज्ञान मंडळाच्या पत्रिकेत छापून आला तो १९७२ मध्ये. मधल्या काळात, १९५२ मध्ये, एका डच गणितज्ञाने तोच सिद्धान्त प्रसिद्धही करून टाकला होता. त्या डच गणितज्ञाचे आडनाव लेकरकेरकर. ते ऐकताच भाच्याने मान वर केली आणि विचारले, "केरकर? म्हणजे गोव्याचे?" अण्णा पडवीतून हसले. वादळानंतर त्यांना हसताना मी तेव्हा प्रथम ऐकले, आणि त्याबद्दल त्या डच गृहस्थांची मी कायमची ऋणी आहे.

लेकरकेरकरांनी आणखीही एक गोष्ट शोधली होती. मोठमोठ्या संख्या घेऊन पाहिल्या, तर अशा रूपात माळेतील सरासरी किती जागा भरलेल्या असतात? द्विमान पद्धतीत, जिथे १, २, ४, ८, १६ अशी दुपटीची माळ असते, तिथे सरासरीने निम्म्या जागा भरतात. इथे शेजार टाळायचा असल्यामुळे प्रमाण घटते आणि ते सुमारे २७.६ टक्क्यांवर स्थिरावते. म्हणजे शंभर खड्ड्यांच्या ओळीत अठ्ठावीसच्या आतबाहेर झाडे, आणि बाकीची माती. अण्णांच्या वाडीत त्याहून पुष्कळच कमी उरली होती.

एक सोपी करमणूक यातूनच निघते आणि प्रवासात उपयोगी पडते. मैलाचे किलोमीटर करायचे असतील, तर संख्येचे असे तुकडे पाडून प्रत्येक तुकड्याच्या जागी माळेतील पुढचा मणी ठेवावा. ५० मैल म्हणजे ३४, १३ आणि ३. त्यांच्या पुढचे ५५, २१ आणि ५. बेरीज ८१, आणि खरे उत्तर साडेऐंशीच्या जवळ. हे जमते, कारण मैलात १.६०९ किलोमीटर असतात आणि या माळेतील लागोपाठच्या संख्यांचे गुणोत्तर १.६१८ कडे झुकते. दोन्हींचा परस्परांशी काहीएक संबंध नाही, निव्वळ योगायोग आहे. दादाच्या खलाशी मित्राला मी ही युक्ती मोठ्या उत्साहाने सांगितली, तेव्हा त्याने शांतपणे आठवण करून दिली, की समुद्रावरचा मैल १.८५२ किलोमीटरचा असतो आणि खोली तर ते अजून वावांतच मोजतात.

अण्णा गावच्या भजनात पखवाज वाजवत. त्या वर्षी आषाढीचे भजनही देवळात झाले नाही, पण पखवाज घरात होता आणि दमट हवेत त्याची शाई बिघडू नये म्हणून ते रोज थोडे हात फिरवत. जूनच्या अखेरीच्या एका रात्री, भाचा कंदिलाशी त्याच्या सुपाऱ्या मांडत असताना, त्यांनी मला विचारले, की तुमच्या या साहेबांच्या अगोदर हे कोणाला सुचलेच नव्हते का? प्रश्नात टोमणा होता. त्याचे उत्तर मला ठाऊक होते, आणि ते त्यांच्याच मांडीवर होते.

लघूची एक मात्रा आणि गुरूच्या दोन, एवढे आपण सर्वच जण शाळेत वृत्ते शिकताना पाठ करतो. आता विचारावे, की ठरावीक मात्रांत लघु-गुरूंच्या किती रचना बसतात? शेवटी लघु असेल तर त्याच्या आधी एक मात्रा कमी असलेली रचना असणार, शेवटी गुरू असेल तर दोन मात्रा कमी असलेली. म्हणून या दोन मोजण्यांची बेरीज म्हणजेच उत्तर. एका मात्रेची १ रचना, दोनच्या २, तीनच्या ३, चारच्या ५, पाचच्या ८. प्राकृत छंदांवर लिहिणाऱ्या विरहांकाने, इसवी सन ६०० ते ८०० च्या दरम्यान केव्हातरी, ही रीत सांगितली आहे. गोपाल आणि हेमचंद्र या बाराव्या शतकातील लेखकांनीही ती दिली आहे, आणि हे सर्व पिसाच्या लिओनार्डोच्या आधीचे आहे. विरहांकाच्या ग्रंथाची संपादित आवृत्ती हरि दामोदर वेलणकर यांच्या परिश्रमांमुळे आपल्याला उपलब्ध आहे.

परंतु मोजणी हा त्यातील लहान भाग. या शास्त्रात सर्व रचना एका ठरावीक क्रमाने एकाखाली एक मांडतात, तिला प्रस्तार म्हणतात, आणि मग एक सुंदर प्रश्न विचारतात: प्रस्तारातील अमुक ओळ पुसली गेली असेल, तर सगळा प्रस्तार पुन्हा न मांडता ती परत कशी मिळवायची? या प्रश्नाचे नाव ‘नष्ट’. तो शब्द मी उच्चारला तेव्हा अण्णांनी पखवाजावरून हात उचलला, हे मला आठवते.

मी पाटीवर आठ मात्रा मांडल्या, कारण त्यांचा भजनी ठेका आठ मात्रांचा. प्रत्येक मात्रेच्या डोक्यावर क्रमाने १, २, ३, ५, ८, १३, २१, ३४ लिहिले. आठ मात्रांच्या एकूण रचना ३४, म्हणजे प्रस्तारात ३४ ओळी. अण्णांनी दहावी ओळ मागितली. ३४ मधून १० वजा केले, २४ उरले. त्यातून मावेल तो मोठा आकडा २१, तो सातव्या मात्रेवरचा, उरले ३, तो तिसऱ्या मात्रेवरचा, शून्य. जिथला आकडा गेला तिथली मात्रा तिच्या पुढच्या मात्रेला पोटात घेऊन गुरू होते, बाकीच्या लघूच राहतात. तिसरी-चौथी मिळून एक गुरू, सातवी-आठवी मिळून दुसरा: लघु, लघु, गुरू, लघु, लघु, गुरू.

अण्णांनी पाटीकडे न पाहता ते वाजवले. ति ट धाऽ, ति ट धाऽ.

"हे मी लहानपणापासून वाजवतोय," ते म्हणाले. "दहावं आहे हे ठाऊक नव्हतं."

भाच्याने त्यावर झडप घातली. गुरू दोन मात्रांचा असतो, म्हणून ज्या मात्रेवर एक गुरू सुरू झाला, तिच्या लगतच्या मात्रेवर दुसरा सुरू होऊ शकत नाही. तिथे पहिलाच अजून चालू असतो. म्हणजे शेजारच्या जागेला बंदी आहे ती कोणी गणितज्ञाने घातलेली नाही, ती त्या ‘धा’च्या लांबीतून आलेली आहे. मी हा सिद्धान्त वीस वर्षे ओळखत होते आणि त्यातील अट मला नेहमीच वरून लादलेली, थोडीशी कृत्रिम वाटत आली होती. त्या रात्री पहिल्यांदा मला ती ऐकू आली. मोकळी सोडलेली जागा मोकळी नसतेच. आधीचा स्वर तिथे वाजत असतो.

आमच्या पूर्वजांना सगळे आधीच माहीत होते, असा सूर मला आवडत नाही, आणि तो मी अण्णांसमोरही लावला नाही. नष्टाची रीत बिनचूक चालते, ती तुकडे एकाच प्रकारे पडतात म्हणूनच. दोन प्रकारे पडले असते तर दहाव्या ओळीच्या जागी दोन ओळी हजर झाल्या असत्या. रीत बिनचूक चालवणे ही एक गोष्ट आहे आणि ती का चालते याची सिद्धता मांडणे ही वेगळी. बेल्जियमच्या डॉक्टरांचे श्रेय त्यामुळे रतिभरही कमी होत नाही. मात्र छंदांतून ही विद्या तालांत गेली, आणि तेराव्या शतकात, यादव राजा सिंघणाच्या आश्रयाने देवगिरीला राहणाऱ्या शार्ङ्गदेवाने आपल्या संगीतरत्नाकरात द्रुत, लघु, गुरू आणि प्लुत या चार मापांच्या तालांसाठी याच प्रकारचे, पण कितीतरी अधिक गुंतागुंतीचे प्रस्तार आणि नष्टे मांडली, हे मराठी माणसाने निदान ऐकून तरी ठेवावे. देवगिरी काही फार लांब नाही.

त्यानंतर अण्णा रोज रात्री एक ओळ मागू लागले. तेविसावी दे. अकरावी दे. भाचा वजाबाकी करी आणि ते वाजवीत. पावसाने जोर धरला होता, दिवसा दादा आणि दोन गडी पडलेल्या पोफळी तोडून वाट मोकळी करीत होते, आणि जुलैत कोणीतरी मुरूडहून रोपे मिळतील असा निरोप आणला, तेव्हा अण्णांनी आधी दोन रोपांतील अंतर किती ठेवायचे यावर दादाशी तासभर वाद घातला. कृषी खात्याच्या शिफारशीत ते दोन्ही बाजूंनी २.७ मीटर, म्हणजे सुमारे नऊ फूट आहे. अण्णांच्या मते पूर्वीची माणसे वेताने मोजत आणि त्यांची वाडी अधिक चांगली येत असे. दादा म्हणाला, पूर्वीच्या माणसांची वाडी आता आडवी आहे. बराच वेळ कोणी बोलले नाही. मग अण्णाच म्हणाले, "नऊ फूट ठेव."

कंदिलाच्या त्या आठवड्यांत आम्ही एक खेळही खेळलो, ज्याची कृती १९६३ मध्ये एका गणिती नियतकालिकात छापून आलेली आहे. सुपाऱ्यांचा एक ढीग ठेवायचा. पहिल्याने हव्या तितक्या उचलायच्या, पण सगळ्या नाही. पुढे प्रत्येकाने निदान एक उचलायची, आणि जास्तीत जास्त, आधीच्याने उचलल्या त्याच्या दुप्पट. शेवटची सुपारी जो उचलेल तो जिंकला. हा खेळ नशिबाचा वाटतो आणि तसा मुळीच नाही. ढिगाचे आपल्या रीतीने तुकडे पाडावेत आणि सर्वांत लहान तुकड्याइतक्या सुपाऱ्या उचलाव्यात. ढीग २० चा असेल, तर १३, ५ आणि २. म्हणून २ उचलाव्यात. आता समोरच्याला फार तर ४ उचलता येतात, आणि पुढचा तुकडा ५ चा आहे. तो एका हातात त्याच्याने उचलवत नाही. शेजार टाळलेला असल्यामुळे प्रत्येक तुकडा त्याच्या आधीच्या लहान तुकड्याच्या दुपटीहून मोठाच असतो, आणि त्या फटीत समोरचा अडकतो. तो ५ मध्ये अर्धामुर्धा हात घालतो, आपण पुन्हा उरलेल्याचे तुकडे पाडतो, आणि असे करत शेवटची सुपारी आपल्याकडे येते. फक्त ढीगच जर माळेतील मणी असेल, ८ किंवा १३ किंवा २१, तर पहिल्याचे काही खरे नसते: सबंध ढीग उचलायला बंदी आहे, आणि समोरचा जाणता असेल तर पहिला हरतोच.

भाचा आठवड्याभरात माझ्या तोडीचा झाला. मग आमचे डाव सुरू होण्याआधीच संपू लागले, कारण ढीग मोजला की कोण जिंकणार ते दोघांनाही कळे. त्यावर तोडगा म्हणून आम्ही ठरवले, की ढीग अण्णांनी न मोजता ओंजळीने घालायचा आणि पाळी आळीपाळीने घ्यायची.

वीज आली त्याच्या आदल्या रात्रीची गोष्ट. अण्णांनी ओंजळ रिकामी केली. पाळी भाच्याची होती. त्याने बोटाने सुपाऱ्या दोनदा मोजल्या, माझ्याकडे बघून हसू दाबले आणि म्हणाला, "बावीस." मीही मोजल्या होत्या. बावीस म्हणजे २१ आणि १. त्याने एक उचलायची, आणि मग मी काहीही केले तरी माझा डाव बुडालेला. त्याने हात पुढे केला.

त्याच्या आधी अण्णांचा हात आला. त्यांनी ढिगातील एक सुपारी उचलली, कंदिलापाशी धरून कीड नाही ना ते पाहिले, अडकित्त्यात घातली आणि कातरली.

"अण्णा! ती खेळातली होती!"

"खायची आहे ती," अण्णा म्हणाले. "खेळा तुम्ही. पाळी तुझीच ना?"

ढिगात २१ सुपाऱ्या होत्या. भाच्याने त्या पुन्हा मोजल्या, मग अण्णांकडे पाहिले, मग माझ्याकडे. अण्णा पानाला चुना लावत होते आणि त्यांची मान खाली होती. तीन आठवडे ते पडवीत बसून आमचे डाव ऐकत होते, त्यांनी त्यातले किती ऐकले होते आणि किती नाही, हे मी त्यांना कधी विचारले नाही. भाच्याने बराच विचार करून दोन उचलल्या. मी एकोणीसचे तुकडे मनात पाडले, १३, ५ आणि १, आणि एक उचलली.